प्रस्तावना : नेटवर्क स्विचचे ड्रायव्हर आणि हार्डवेअर इंटरप्ट

नेटवर्क स्विच हे अनेक संगणकांच्या केबल एकत्र आणून, एका पोर्टवर आलेल्या फ्रेमवरील पत्ता वाचून ती नेमक्या दुसऱ्या पोर्टवर रवाना करणारे यंत्र असून, वडाळा-माटुंग्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपासून लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांपर्यंत ते इतके सर्वत्र पसरले आहे की त्याच्याकडे स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. विद्यार्थ्याची त्याच्याशी ओळख होते ती दोन वेगळ्या वाटांनी. नेटवर्किंगच्या विषयात तो प्रोटोकॉल शिकतो, मायक्रोप्रोसेसरच्या विषयात इंटरप्ट शिकतो, आणि या दोन वाटा जिथे एकत्र येतात तो भाग, म्हणजे स्विचच्या चिपने प्रोसेसरचे लक्ष वेधल्यावर ऑपरेटिंग सिस्टीमने नेमके काय करायचे हा प्रश्न, दोन्ही अभ्यासक्रमांच्या मधल्या फटीत पडून राहतो. प्रस्तुत पुस्तक त्या फटीसाठी आहे.

इंटरप्ट म्हणजे एखाद्या उपकरणाने विद्युत संकेत देऊन प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणे. संकेत मिळताच प्रोसेसर चालू कामाची स्थिती जपून ठेवतो, त्या उपकरणासाठी नेमून दिलेला छोटा कार्यक्रम, म्हणजे हँडलर, चालवतो आणि मग मूळ कामाकडे परततो. याच्या उलट पद्धतीला पोलिंग म्हणतात. तीत प्रोसेसर ठरावीक काळाने स्वतः जाऊन उपकरणाची चौकशी करतो. उपकरणाची ओळख ठेवणारा, त्याची रजिस्टरे कशी वाचायची आणि त्यांत काय लिहायचे हे जाणणारा ऑपरेटिंग सिस्टीममधला भाग म्हणजे ड्रायव्हर. या क्षेत्रातले जवळजवळ सगळे वाद अखेर एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात: कधी पाहायचे हे उपकरणाने ठरवायचे, की प्रोसेसरने?

स्विचच्या बाबतीत नवख्या वाचकाचा पहिला गैरसमज असा असतो की येणाऱ्या प्रत्येक फ्रेममागे एक इंटरप्ट होत असणार. तसे होऊ शकत नाही, आणि का होऊ शकत नाही हे साध्या हिशेबाने कळते. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तिच्या आधीचे ८ बाइट आणि दोन फ्रेममधले सक्तीचे १२ बाइटांचे अंतर धरले तर ती ८४ बाइटांची, म्हणजे ६७२ बिटांची, जागा व्यापते. त्यामुळे सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या एकाच पोर्टवर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम येऊ शकतात, आणि अशी २४ पोर्टे असलेल्या पेटीतला छोटासा प्रोसेसर त्या प्रवाहापुढे क्षणभरही टिकणार नाही. म्हणून फ्रेम पुढे पाठवण्याचे काम पूर्णपणे चिपमधील तयार मांडणीवर सोपवलेले असते आणि प्रोसेसरकडे उरतो तो कारभार. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटलेली हार्बरची गाडी वडाळा रोडपुढे माहीमकडे वळते की कुर्ल्याकडे, हे पाहायला नियंत्रण कक्षातल्या वरिष्ठांना कोणी उठवत नाही, पण सांधा अडकला किंवा रुळाला तडा गेला की त्यांचा फोन वाजतो. स्विचमधल्या प्रोसेसरचे स्थान साधारण तसेच आहे.

तो फोन वाजण्याची कारणे पुष्कळ आहेत. एखाद्या पोर्टची केबल जोडली किंवा निघाली, पत्त्यांची सारणी भरून नवा पत्ता नोंदवायला जागा उरली नाही, एका पोर्टवर नोंदलेला पत्ता अनपेक्षितपणे दुसऱ्याच पोर्टवर दिसला, अचूक वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलची फ्रेम येऊन तिची वेळ रजिस्टरात नोंदली गेली, चिपच्या आतील स्मृतीत एखादा बिट उलटला, तापमान वाढले, ऑप्टिकल मॉड्यूल खोबणीत बसवले, हे सारे एकाच यंत्रातून येते. यातली काही कारणे वर्षातून एकदा उद्भवतात, काही सेकंदाला अनेकदा. काहींना अर्धा सेकंद उशीर झाला तरी कोणाला कळत नाही, काहींची नोंद पुढची घटना येण्याआधी वाचली नाही तर ती कायमची पुसली जाते. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर चांगली पुस्तके आहेत आणि त्यांतील बरेचसे ज्ञान इथे उपयोगी पडते, पण कार्डाचा ड्रायव्हर मुख्यतः प्रवाहाशी झुंजतो, तर स्विचच्या ड्रायव्हरला या विजोड घटनांची वर्गवारी करावी लागते, हा फरक त्या पुस्तकांत फारसा सापडत नाही.

वर्गवारी कशी होते हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहणे बरे. घरगुती राऊटरांत आणि औद्योगिक उपकरणांत सर्रास आढळणाऱ्या मार्व्हेल कंपनीच्या ८८ई६ मालिकेतील स्विच-चिपला बाहेर काढलेली इंटरप्टची पिन एकच असते. ती पिन प्रोसेसरच्या एखाद्या साध्या सर्वोपयोगी पिनला जोडलेली असते, म्हणून संकेत आल्यावर प्रोसेसरला एवढेच कळते की स्विचमध्ये कुठेतरी काहीतरी झाले. मग ड्रायव्हर पहिल्या सामाईक रजिस्टर-गटातील स्थितीदर्शक रजिस्टर वाचतो; त्यातला एखादा बिट पत्त्यांच्या सारणीतील गैरप्रकार दाखवतो, एखादा आभासी जाळ्यांच्या सारणीतील, आणि एक बिट ‘पुढे दुसऱ्या गटात पाहा’ असे सांगतो. दुसऱ्या गटात गेल्यावर कोणत्या पोर्टच्या फाय-मध्ये, म्हणजे तारेवरील विद्युत संकेतांशी प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्या भागात, बदल झाला ते कळते, आणि शेवटी त्या फायचे स्वतःचे रजिस्टर वाचल्यावर केबल निघाली की जोडली गेली हा उलगडा होतो. एका पिनमागे असा तीन पायऱ्यांचा वृक्ष उभा असतो. लिनक्समध्ये यातील दोन्ही रजिस्टर-गटांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र इंटरप्ट-नियंत्रक मानून त्याचे स्वतःचे क्षेत्र मांडतात, जेणेकरून फायच्या ड्रायव्हरला आपण स्विचच्या पोटात आहोत की थेट प्रोसेसरला जोडलेलो आहोत याची फिकीर करावी लागत नाही. ही मांडणी पहिल्यांदा पाहणाऱ्याला नाहक गुंतागुंतीची वाटते, परंतु ती टाळून एकाच हँडलरमध्ये सगळ्या पोर्टांचा निकाल लावणारे ड्रायव्हर दोन-तीन चिप-पिढ्यांनंतर कोणालाच हात लावण्याजोगे राहत नाहीत.

या वृक्षातून खाली उतरायला लागणारा वेळ ही दुसरी अडचण. संगणकातील नेटवर्क कार्डाचे रजिस्टर प्रोसेसरला जवळजवळ स्मृतीसारखे वाचता येते, तर लहान स्विचची रजिस्टरे एमडीआयओ नावाच्या दोन तारांच्या संथ वाहिनीवरून वाचावी लागतात. मूळ मानकातील २·५ मेगाहर्ट्झ वेगाने, प्रत्येक व्यवहाराला ६४ बिट धरले, तर एक रजिस्टर वाचायला २५·६ मायक्रोसेकंद लागतात. एवढ्या वेळात एका गिगाबिट पोर्टवरून लहानात लहान ३८ फ्रेम निघून जातात, आणि वर सांगितलेल्या तीन पायऱ्यांसाठी असे निदान तीन व्यवहार हवेत. चिपचा पत्ता अप्रत्यक्षपणे द्यावा लागत असेल तर त्याच्या कितीतरी पट. शिवाय ही वाहिनी अनेकांच्या वापराची असल्याने तिच्यावर कुलूप असते, आणि कुलूप दुसऱ्याच्या हाती असेल तर वाट पाहत झोपावे लागते. हार्डवेअर इंटरप्टच्या मूळ हँडलरला झोपण्याची मुभा नसते, कारण तो कोणाच्याही नावावर न चालता थेट प्रोसेसर अडवून चालतो. म्हणून स्विचचा ड्रायव्हर इंटरप्ट-थ्रेडचा आधार घेतो: संकेत आल्यावर मूळ हँडलर फक्त ती ओळ बंद करून एका थ्रेडला जागे करतो, थ्रेड सवडीने रजिस्टरे वाचून निकाल लावतो आणि सर्व उरकल्यावरच ओळ पुन्हा उघडली जाते.

तिसरी अडचण अधिक कपटी आहे, आणि तिच्यापायी अभियंत्यांच्या किती रात्री गेल्या असतील याची गणती नाही. इंटरप्टची पिन दोन तऱ्हांनी वाचता येते. ती ठरावीक पातळीवर आहे तोवर इंटरप्ट चालू आहे असे मानणे ही लेव्हल-ट्रिगर पद्धत, आणि पातळी बदलण्याच्या क्षणाचीच नोंद घेणे ही एज-ट्रिगर पद्धत. स्विचची पिन तिच्यामागचे एक जरी कारण शिल्लक असेल तोवर खालच्या पातळीवर राहते. आता प्रोसेसरची पिन फक्त बदलाचाच क्षण टिपणारी असली, आणि ड्रायव्हर पहिल्या पोर्टचे काम उरकत असताना, ते कारण पुसले जाण्याच्या आत दुसऱ्या पोर्टवर घटना घडली, तर पिन वर जातच नाही. ती वर गेली नाही म्हणून पुन्हा खाली येण्याचा क्षण येत नाही, आणि तो आला नाही म्हणून पुढचा कोणताही इंटरप्ट त्या यंत्रात कधीच होत नाही. यंत्र व्यवस्थित चालू दिसते, फ्रेम धावत राहतात, फक्त कोणाची केबल निघाली हे त्याला कळेनासे होते. पुन्हा सुरू केले की दोष नाहीसा होतो, त्यामुळे दुरुस्ती झाली अशी सर्वांची समजूत होते. उपाय मात्र दोन ओळींचा आहे: स्थितीदर्शक रजिस्टर एकदाच वाचून परतायचे नाही, ते पूर्ण रिकामे दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचे.

या उपायातच पुस्तकाची मध्यवर्ती भूमिका दडलेली आहे. इंटरप्ट काय घडले ते सांगत नाही आणि किती वेळा घडले तेही सांगत नाही. पाहण्यासारखे काही आहे एवढेच तो कळवतो, आणि खरी परिस्थिती रजिस्टरात असते. जो ड्रायव्हर इंटरप्टलाच बातमी समजून ‘केबल निघाली’, ‘केबल जोडली’ असे आलटून-पालटून मोजत बसतो तो एखादी गाठ चुकली की कायमचा उलटा होतो. हार्डवेअर घडवणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. इथरनेटच्या मानकात फायच्या स्थितीदर्शक रजिस्टरातला जोडणीचा बिट असा आखला आहे की जोडणी क्षणभर जरी तुटली तरी तो शून्यावर अडकून राहतो आणि एकदा वाचल्यावरच सद्यःस्थिती दाखवू लागतो. मध्यंतरी काय होऊन गेले याची ती जाणीवपूर्वक ठेवलेली आठवण असते. ‘ताजी’ स्थिती हवी म्हणून हे रजिस्टर लागोपाठ दोनदा वाचण्याची सवय अनेक जुन्या ड्रायव्हरांत दिसते. ती सवय ही आठवण पुसून टाकते.

या विचारांना इतिहास आहे. उपकरणाने प्रोसेसरला अडवण्याची कल्पना १९५० च्या दशकातली असून, १९५४ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने बांधलेल्या डायसिॲक या संगणकाकडे तिच्या आरंभीच्या रूपाचे श्रेय दिले जाते. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी एक्स-१ या यंत्रासाठी इंटरप्ट हाताळणारी आज्ञावली लिहिली आणि १९५९ चा आपला डॉक्टरेटचा प्रबंधही त्या यंत्राशी होणाऱ्या संवादावरच सादर केला. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नसल्यामुळे आज्ञावलीतला दोष पुन्हा घडवून दाखवता येईलच असे नाही, ही चिंता तेव्हापासूनची आहे आणि ती आजही मिटलेली नाही. वर वर्णन केलेला हरवलेल्या क्षणाचा दोष त्याच कुळातला.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांना इंटरप्ट भेटला तो इंटेलच्या ८०८५ या १९७६ सालच्या प्रोसेसरमधून, आणि तोही बहुधा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात अध्यापन करणाऱ्या रमेश गावकर यांच्या पाठ्यपुस्तकातून, ज्याच्या झेरॉक्स प्रतींवर वसतिगृहे परीक्षा काढत आली. ट्रॅप, आरएसटी ७·५, ६·५, ५·५ आणि आयएनटीआर या पाच वाटांचा अग्रक्रम आणि त्यांतली कोणती एजवर, कोणती लेव्हलवर चालते याचा तक्ता विद्यार्थी तोंडपाठ करत. आरएसटी ७·५ बदलाचा क्षण आतल्या फ्लिप-फ्लॉपमध्ये धरून ठेवते आणि ६·५ धरून ठेवत नाही, हा भेद नेमका का केला असेल, हे मात्र क्वचितच विचारले जाई. तो प्रश्न तेव्हा विचारला गेला असता तर स्विचच्या ड्रायव्हरमधला निम्मा भाग आपोआप समजला असता, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे वैयक्तिक संगणक आले आणि इंटरप्ट ही टंचाईची वस्तू झाली. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये ८२५९ जातीचे दोन नियंत्रक एकापुढे एक जोडलेले असत, त्यांतून पंधराच ओळी हाती येत, आणि त्यांतल्याही बहुतेक कळफलक, घड्याळ, डिस्क, सिरियल पोर्ट यांनी आधीच अडवलेल्या असत. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर नव्वदच्या दशकात संगणक जोडून देणाऱ्या कारागिरांचे एक मोठे कौशल्य म्हणजे नेटवर्क कार्डावरचा तो इवलासा जंपर चिमट्याने उचलून तिसऱ्या ओळीवरून पाचव्या किंवा दहाव्या ओळीवर बसवणे, आणि ध्वनिकार्डाने पाचवी ओळ घेतली असेल तर पुन्हा शोधाला लागणे. पीसीआयने ओळ वाटून घेण्याची सोय केली. तिच्यासाठी लेव्हल-ट्रिगर पद्धत सक्तीची झाली आणि प्रत्येक हँडलरवर ‘हा इंटरप्ट माझा की दुसऱ्याचा’ हे प्रामाणिकपणे सांगण्याची जबाबदारी आली. ती कोणीच पाळली नाही तर काय, याचे लिनक्सचे उत्तर रोकठोक आहे: एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० पेक्षा अधिक बेवारस निघाले की ती ओळच बंद केली जाते. त्यानंतरच्या एमएसआय पद्धतीत तारच उरली नाही. उपकरण ठरलेल्या पत्त्यावर एक छोटे लेखन करते आणि त्यालाच इंटरप्ट मानतात. तिच्या विस्तारित रूपात एका उपकरणाला २,०४८ पर्यंत स्वतंत्र इंटरप्ट मिळू शकतात, म्हणून डेटा सेंटरमधील मोठ्या स्विच-चिपना टंचाईची झळ लागत नाही. छोट्या चिपना ती अजूनही लागते.

या प्रवाहाच्या अगदी उलट विचार महाराष्ट्रात एका मोठ्या प्रकल्पाच्या पायाशी होता, आणि त्याची नोंद या विषयाच्या पुस्तकांत सहसा घेतली जात नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर प्रोसेसरांवर. ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत आणि प्रक्रियांचे वेळापत्रक राखणारी यंत्रणा प्रोसेसरच्या आतच, हार्डवेअरमध्ये, बसवलेली असे; दुव्यावर माहिती आली की तिची वाट पाहत थांबलेली प्रक्रिया आपोआप जागी होई. नेहमीच्या अर्थाच्या अनेक इंटरप्ट-ओळी त्याला नव्हत्याच. बाहेरच्या जगासाठी ‘इव्हेंट’ नावाची एकच पिन होती, आणि तीही प्रक्रियेला दुव्यासारखीच दिसे. म्हणजे इंटरप्ट ही प्रोसेसरवर कोसळणारी आपत्ती न राहता वाट पाहणाऱ्याला मिळणारा निरोप होई. ट्रान्सप्युटर बाजारात टिकला नाही, पण इंटरप्ट-थ्रेडची आजची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये साधारण तेच साधते. सी-डॅकने पुढे परमनेट या नावाने महासंगणकासाठी स्वतःचे स्विच आणि जोडणी-कार्डेही घडवली आणि २००३ मधल्या परम पद्म या यंत्रात परमनेट-२ वापरले. स्विच आणि त्याच्या खालचे सॉफ्टवेअर ही बाहेरून आणायचीच वस्तू आहे, या समजुतीला मराठी मुलखातच मिळालेले हे उत्तर आहे.

लोकव्यवहारातल्या इथरनेट स्विचचा आरंभ १९९० चा, विनोद भारद्वाज यांनी पत्नीच्या नावाने काढलेल्या कल्पना या कॅलिफोर्नियातील कंपनीच्या सात पोर्टांच्या यंत्राचा. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली आणि स्विच घरोघरी नाही तरी कार्यालयोकार्यालयी पोहोचला. जाळी वेगवान झाली तसा इंटरप्टचा दुसरा दुर्गुण उघड झाला. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ च्या यूसेनिक्स परिषदेत मांडलेल्या निबंधात दाखवले की येणारी पॅकेटे एका मर्यादेपलीकडे गेली की प्रोसेसर केवळ इंटरप्ट घेण्यातच गुंतून पडतो, घेतलेले एकही पॅकेट शेवटपर्यंत पोहोचत नाही आणि यंत्र पूर्ण व्यग्र असूनही निष्फळ ठरते. याला त्यांनी रिसीव्ह लाइव्हलॉक म्हटले. या निबंधानंतरच्या घडामोडी म्हणजे या क्षेत्रातील संप्रदायांचा इतिहास होय.

पहिला संप्रदाय कामाची विभागणी करणाऱ्यांचा: हँडलरने अगदी थोडके करावे आणि उरलेले मागे ठेवावे. युनिक्स परंपरेत तो जुनाच असून लिनक्समधील सॉफ्टआयआरक्यू, वर्कक्यू आणि २००९ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर यांच्या प्रयत्नांतून मुख्य कर्नेलमध्ये आलेले इंटरप्ट-थ्रेड ही त्याचीच रूपे. दुसरा संप्रदाय तडजोडीचा: २००१ मध्ये जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी मांडलेल्या एनएपीआय पद्धतीत पहिले पॅकेट इंटरप्टने येते, मग इंटरप्ट बंद करून प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपर्यंत, सहसा ६४ पॅकेटे, स्वतःच उचलत राहतो आणि ओघ आटला की पुन्हा इंटरप्ट चालू करतो. तिसरा संप्रदाय इंटरप्ट पूर्णच नाकारणाऱ्यांचा. डीपीडीकेसारखी साधने एक-दोन प्रोसेसर-गाभे केवळ पाहत राहण्यासाठीच राखून ठेवतात; मायक्रोसेकंदाला पैशाचे मोल असलेल्या शेअरबाजारातील व्यवहारांच्या जगात हा मार्ग रूढ आहे. या तिघांचे भांडण बहुतांशी नेटवर्क कार्डाच्या अंगणात झाले. स्विचमध्ये एनएपीआयचा संबंध येतो तो फक्त प्रोसेसरकडे जाणाऱ्या एका पोर्टापुरता, आणि तिसरा मार्ग तर लहान स्विचवर उधळपट्टीच ठरतो. उरलेल्या कारभारी घटनांसाठी पहिला संप्रदायच खरा उपयोगी, हे या पुस्तकाचे मत आहे.

तरीही पोलिंगला कमी लेखून चालत नाही. अनेक स्वस्त बोर्डांवर स्विचची इंटरप्ट-पिन प्रोसेसरला जोडलेलीच नसते; वाहकाची एक रेघ वाचवलेली असते आणि तिचा भुर्दंड ड्रायव्हर लिहिणाऱ्याला पडतो. अशा वेळी मार्व्हेल स्विचचा लिनक्समधील ड्रायव्हर दर १०० मिलिसेकंदांनी स्वतःच स्थिती तपासतो आणि वरच्या थरांना इंटरप्ट झाल्याचा भास करून देतो. फायची सर्वसाधारण तपासणी तर सेकंदातून एकदाच होते. कार्यालयात हे खपून जाते. पण वीज उपकेंद्रे, कारखाने आणि रेल्वे यांच्या जाळ्यांत स्विच वर्तुळाकार जोडून, एक दुवा तुटला तर ५० मिलिसेकंदांच्या आत दुसऱ्या बाजूने वाहतूक वळवण्याची अपेक्षा जी.८०३२ सारख्या मानकांत ठेवलेली असते. दुवा तुटल्याचे कळायलाच सेकंद लागणार असेल तर पुढचा सगळा प्रोटोकॉल शोभेचा ठरतो. बोर्डावरच्या एका रेघेचे मोल इतके असते.

आजच हा विषय मांडण्याचे कारण म्हणजे ज्ञानाची कुलपे निघत आहेत. फार काळ स्विचचे सॉफ्टवेअर उत्पादकाच्या गोपनीयतेच्या कराराआड असे आणि चिपसोबत मिळणारी बंद संहिता मुकाट वापरावी लागे. २००८ मध्ये लेनर्ट बॉयटेनहेक यांच्या कामातून लिनक्समध्ये डीएसए ही लहान स्विचांसाठीची चौकट आली, २०१५ च्या सुमारास मोठ्या चिपसाठी स्विचडेव्ह आले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सॉनिक ही स्विचसाठीची मुक्त प्रणाली जाहीर केली आणि २०२४ मध्ये प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे वेळेची हमी देण्यासाठी बहुतेक इंटरप्ट-हँडलरांना थ्रेडच्या रांगेत बसवणारी व्यवस्था, मुख्य लिनक्स कर्नेलचा भाग झाली. या शेवटच्या बदलाने एक गोष्ट घडली: ‘माझा हँडलर चालू असताना दुसरे कोणी मध्ये येणार नाही’ या गृहीतकावर उभे असलेले ड्रायव्हर उघडे पडू लागले. आज ही सगळी संहिता कोणालाही वाचता येते. पुण्यात स्विच-चिप कंपन्यांची रचनाकेंद्रे आहेत, ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरे उभी राहत आहेत, आणि दोन्हीकडे लागणारी माणसे मुंबई-पुण्याच्याच महाविद्यालयांतून येतात. १८८७ साली स्थापन झालेली, आता वीरमाता जिजाबाई यांचे नाव धारण करणारी माटुंग्याची संस्था असो की वडाळ्याचे विद्यालंकार, तेथील विद्यार्थ्याला नेटवर्कचा आणि प्रोसेसरचा पाया पक्का मिळतो. कमी पडते ती दोहोंना सांधणारी गोष्ट.

मराठीत लिहिण्यामागेही व्यवहार आहे, अभिनिवेश नाही. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्गही सुरू झाला. परंतु प्रथम वर्षाच्या पुढे, विशेषतः ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात शिरणाऱ्या विषयांवर, मराठीत वाचण्याजोगे फार थोडे आहे. परिभाषेच्या बाबतीत पुस्तकाने वर्गात आणि कंपनीत प्रत्यक्ष बोलले जाणारे शब्द ठेवले असून प्रत्येक शब्द प्रथम आला तिथे त्याचा अर्थ उलगडला आहे.

पुस्तकाचा आवाका मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. आधार लिनक्सचा आहे, कारण तिथली संहिता उघडी आहे आणि तिच्यावरचे वादही लेखी उपलब्ध आहेत; अन्य प्रणालींचा उल्लेख तुलनेपुरता येतो. सी भाषा आणि ऑपरेटिंग सिस्टीमची पदवी पातळीची ओळख गृहीत धरली आहे, विद्युत मंडलाची फारशी नाही, म्हणून एज आणि लेव्हल, ओपन-ड्रेन पिन, पुल-अप रोध अशा गोष्टी मुळापासून येतात. मोठ्या डेटा-सेंटर चिपच्या स्मृतीत बिट उलटल्यावर ड्रायव्हर आपल्याजवळच्या प्रतीवरून सारणी पुन्हा कशी लिहितो याची तत्त्वे दिली आहेत, पण ज्या चिपची रजिस्टरे करारबद्ध आहेत त्यांच्या तपशिलात शिरण्याचे टाळले आहे. भर आहे तो दोष शोधण्यावर: ‘प्रोक’मधील इंटरप्टांचे आकडे कसे वाचायचे, एकच आकडा वेगाने वाढताना दिसला तर वादळ हार्डवेअरमधले की कारण पुसायला विसरलेल्या ड्रायव्हरचे हे कसे ओळखायचे, आणि मुळीच न वाढणारा आकडा त्याहून अधिक संशयास्पद का मानायचा. यासाठी लागणारे सामान थोडके आहे: मार्व्हेलचा स्विच असलेला, मुक्त लिनक्स चालवता येईल असा एखादा जुना राऊटर, सिरियल केबल, आणि शक्य झाल्यास पिनवरची पातळी दाखवणारा स्वस्तातला लॉजिक ॲनलायझर. प्रत्येक प्रयोग आधी इंटरप्टवर आणि मग तोच पोलिंगवर करायला सांगितला आहे, आणि दोन्ही वेळा केबल उपसल्यापासून कर्नेलला ते कळेपर्यंत गेलेला काळ वाचकाने स्वतः मोजून पानाच्या समासात लिहायचा आहे. त्यासाठी समास नेहमीपेक्षा रुंद सोडले आहेत.